देणं आहे, घेणं नाही

२५ नोव्हेंबर, शनिवार

आज वाचनालयाच्या वरच्या खोलीत ‘वाचन-मैफल’ ठेवली होती, दहा ते सोळा वयाच्या मुलांसाठी. घरून पातेलंभर गरम चॉकलेट नेलं, त्यात बुडवायला चीजचे तुकडे नेले, खुर्च्या गोल मांडल्या. आली कोण? एकटी युरानी, आणि तीही पाऊस लागला म्हणून.

युरानी बेकरीवालीची मुलगी. वय तेरा, जीभ तीस वर्षांची. रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवून म्हणाली, “प्रोफे, पोस्टरवर ‘वाचन’ लिहिलंत ना, तिथेच घोडं अडलं. पोरांना वाटलं परीक्षा आहे.”

मी शिक्षिका नाही, पण इथली पोरं मोठ्या बाईला प्रोफेच म्हणतात. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण तिचं खरं होतं. दोघींनी मिळून चॉकलेट संपवलं. घरी आल्यावर पोट दुखलं.

२९ नोव्हेंबर, बुधवार

वाईट बातमी. नगरपालिकेतून दोन एलिएसेर आले होते. ‘दोन’ म्हणजे आकडा नव्हे, इथलं आदराचं ‘श्रीयुत’. हे तिथले सचिव, राखाडी रुआना, म्हणजे लोकरीचं घोंगडं, पांघरून सगळ्या गावभर पायी फिरतात आणि मांजरालासुद्धा अदबीने ‘सुमेर्से’, म्हणजे ‘आपण’, म्हणतात. आजवर मी त्यांना हसताना पाहिलेलं नाही. त्यांनी सांगितलं की नगराध्यक्षांना वरची खोली हवी आहे, मेव्हण्याच्या झेरॉक्सच्या दुकानासाठी. कारण काय, तर खोलीत कोणी येत नाही.

खोटं नव्हतं. शनिवारच्या रिकाम्या खुर्च्या सगळ्या गावाला माहीत होत्या.

नगराध्यक्षांची मुदत वर्षाअखेर संपते. जानेवारीत ज्या बाई येणार आहेत त्यांनी मला भर बाजारात शब्द दिलाय की खोली मुलांचीच राहील. म्हणजे हा एक महिना निभावला तर निभावलं. दोन एलिएसेरना हे मी सांगायला नको होतं, पण तोंडातून गेलं. त्यावर ते म्हणाले, हुकूम अजून टाइप व्हायचा आहे. मग नियमच ऐकवत बसले: असा हुकूम ज्याच्या ताब्यात जागा आहे त्याच्या हातात, त्याच जागेवर, सचिवाने स्वतः द्यावा लागतो. टेबलावर ठेवलेला चालत नाही, दाराखालून सरकवलेला चालत नाही, शेजाऱ्याकडे दिलेलाही चालत नाही. हातात पडला की खोली गेली.

“हातात,” असं त्यांनी दोनदा म्हटलं. जसं काही मी बहिरी आहे. इथे माझं सगळं चाललेलं आणि या माणसाला नियमांचं पडलेलं! त्यांना माझ्या खोलीशी काही देणंघेणं नाही.

७ डिसेंबर, गुरुवार

मेणबत्त्यांची संध्याकाळ. सगळ्या गल्लीत उंबऱ्यांवर उजेड. गेल्या शनिवारी मी अंधार करून भुताच्या गोष्टी ठेवल्या होत्या. चौघं आली आणि त्यातली दोघं घाबरून गेली. मी वैतागून आईला म्हणाले, आता दुकानच होऊ दे, निदान झेरॉक्स तरी स्वस्तात मिळेल.

आईने एक पेटलेली मेणबत्ती माझ्यापुढे धरली. मी घेतली. ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारचा कुत्रा उठला: “माझे आगिनाल्दो!”

एकोणपन्नास वर्षांची झाले, तरी दर डिसेंबरात मी हिच्याकडून हरते. आगिनाल्दोचे, म्हणजे नाताळच्या भेटींचे, खेळ खरं तर सोळा तारखेपासून सुरू होतात, पण आईला कसलं पंचांग आणि कसलं काय. ‘देणं आहे, घेणं नाही’ हा तिचा हातखंडा खेळ: समोरच्याने दिलेली वस्तू हातात घेतली की तुम्ही हरलात, आणि हरलात की भेट द्यायची. ‘काडी तोंडात’ आहे, ‘बोलणं आहे, उत्तर नाही’ आहे, पण आई म्हणते ते सगळे आळशांचे खेळ.

मेणबत्ती उंबऱ्यावर लावता लावता माझ्या डोक्यात आलं की मी नऊ दिवस सगळ्या गावच्या पोरांशी हा खेळ खेळले तर? आणि तेही वाचनालयात, जिथे माझं कामच मुळी हात पुढे करून पुस्तकं परत घेण्याचं आहे!

आई म्हणाली, “तू पहिल्याच दिवशी हरशील.” माझ्या आईचा माझ्यावर फार विश्वास.

१६ डिसेंबर, शनिवार

सुरू झालं. पोस्टर युरानीने लिहिलं: ‘प्रोफेला हरवा.’ वाचन हा शब्द कुठेही नाही. पण एक नियम मी घातला: मला फक्त वाचनालयाचीच वस्तू द्यायची, म्हणजे पुस्तक. आधी घरी न्यायचं, मग परत आणायचं. मी ते हातात घेतलं तर मी हरले. बोलता बोलता टेबलावर ठेवायला लावलं तर मी जिंकले. चोवीस तारखेच्या संध्याकाळी नोव्हेनाची, म्हणजे नाताळाआधीच्या नऊ संध्याकाळच्या प्रार्थनांमधली, शेवटची प्रार्थना संपेपर्यंत खेळ चालू. मी हरले तर बैलाचा मुखवटा घालून चौकात नाचायचं. नाही हरले तर त्या संध्याकाळी प्रार्थना मुलांनी म्हणायची, आणि तीही मोठ्याने, पुटपुटत नाही.

बैलाच्या मुखवट्याचं नाव काढताच खोली भरली. खुर्च्या पुरल्या नाहीत.

१८ डिसेंबर, सोमवार

आज जे झालं ते लिहिताना अजून कान गरम होतायत.

दुपारी शाळेच्या सुट्टीची सगळी टोळी वर. पुस्तकं परत करायला रांग, आणि प्रत्येकाचा डाव वेगळा. एकीने पुस्तक हातातून सटकल्याचं सोंग केलं. दुवान नावाचा उंच मुलगा आहे, बटाट्याच्या गाडीवर बापाबरोबर असतो, त्याने विचारलं, “प्रोफे, या पानावरचा शब्द वाचता येत नाही, जरा बघता?” मी मान पुढे केली, हात पाठीमागेच. मग मीही उलट डाव टाकला. म्हटलं, कुठला शब्द? गोष्टीत पुढे काय होतं, ते सांग, मग अर्थ सांगते. त्याने सांगायला सुरुवात केली आणि दहा मिनिटं सांगतच राहिला. लक्षात आलं की लबाडाने ते अख्खं वाचलंय. माझं लक्ष गोष्टीत गुंतावं म्हणून वाचलंय! आता सगळ्यांना तीच युक्ती सापडली आहे: गोष्ट रंगवून सांगायची आणि मी गुंगले की पुस्तक पुढे करायचं.

तेवढ्यात दोन एलिएसेर आले. पोरांच्या मधून थेट माझ्यापुढे. रुआनाच्या आतून एक पाकीट काढलं, हात लांब केला आणि मोठ्या आवाजात म्हणाले, “सुमेर्से, हे तुमच्यासाठी. नगराध्यक्षांचा हुकूम.”

आणि मी दोन्ही हात पाठीमागे नेले.

देवाशप्पथ, मुद्दाम नाही. दोन दिवस तेच करत होते, हात आपोआप गेले. पोरांनी असा गिल्ला केला की खालचे पेपर वाचणारे म्हातारे जिन्यापर्यंत आले. मी लाजेने लाल. दोन एलिएसेर हात तसाच लांब करून उभे. मग त्यांनी शांतपणे विचारलं, “घेत नाही?”

माझ्या तोंडून निघालं, “नाही.”

“बरं.” त्यांनी पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं, वाचूनही दाखवलं: देऊ केला, घेतला नाही. आणि गेले.

सरकारी हुकमाला नाही म्हटलं मी! माझा करारही डिसेंबरअखेर नवा व्हायचा आहे. आईला सांगितलं तर ती हसत बसली.

१९ डिसेंबर, मंगळवार

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी सरळ नगरपालिकेत गेले. म्हटलं, माफी मागावी, कागद घ्यावा, जे व्हायचं ते होऊ दे. खोली जाईल म्हणून रडू येत होतं, पण भीती त्याहून मोठी होती, हे इथे तरी कबूल करते.

दोन एलिएसेर टेबलामागे बसले होते. पाकीट समोरच, पेपरवेटखाली. मी हात पुढे केला. त्यांनी पाकिटावर पंजा ठेवला.

“इथे नाही,” म्हणाले. “हुकूम जागेवर पोहोचवायचा असतो, तुम्ही येऊन घ्यायचा नसतो.”

मी म्हटलं, अहो, आले आहे ना मी, द्या की. तर म्हणाले, नियमात बसत नाही. वर मला सल्ला: “सुमेर्सेने जावं. मुलं वाट बघत असतील.”

परत येताना इतकी चिडले होते की दुसऱ्याच गल्लीत शिरले. इतका नियमावर बोट ठेवणारा माणूस जन्मात पाहिला नाही. आणि दुपारी, खोली अगदी भरलेली असताना, आलेच पाकीट घेऊन! सगळ्या पोरांचे डोळे माझ्या हातांवर. आता घेतला तर त्यांच्या मते मी हरले. माझे हात पुन्हा पाठीमागे. पेन्सिल निघाली: देऊ केला, घेतला नाही.

२० डिसेंबर, बुधवार

आज त्यांनी चक्क डाव टाकला. कुणाची तरी परत करायची पुस्तकं घेऊन आले, मध्ये पाकीट खुपसलेलं, आणि गठ्ठा माझ्यापुढे केला. पण पाकिटाचा निम्मा भाग बाहेर आला होता, आंधळ्यालाही दिसला असता. साधं लपवताही येत नाही या माणसाला. मी म्हटलं, टेबलावर ठेवा. युरानीने टाळ्या वाजवल्या. दोन एलिएसेर छताकडे बघत म्हणाले, “चुकलं.”

पोरांना ते आवडायला लागलेत. दुवान त्यांना समजावत होता की असं नाही, आधी गोष्ट सांगून गुंगवायचं असतं. ते मान डोलावून ऐकत होते आणि जाताना एक पुस्तक घेऊन गेले. उद्या सांगण्यासाठी म्हणे.

कपाटं रिकामी दिसतायत. इतकी वर्षं या कामात आहे, कपाट रिकामं बघून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. आणि लगेच आठवतं की परवा दुपारी नगरपालिका वर्षाची सुट्टी लागून बंद होते. तोवर कागद हातात पडला की सगळं संपलं.

२१ डिसेंबर, गुरुवार

दोन एलिएसेर गोष्ट सांगत होते. एका माणसाची म्हैस हरवते आणि ती शोधता शोधता त्याला स्वतःचंच घर सापडत नाही, अशी काहीतरी. सांगतात छान! पोरं जमिनीवर बसून ऐकत होती, मीसुद्धा. पाकीट त्यांच्या मांडीवर.

मध्येच त्यांचा फोन वाजला. नगराध्यक्षांचा आवाज इतका चढलेला की मला दोन खुर्च्यांपलीकडून स्पष्ट ऐकू आला. एवढंसं काम अजून झालं नाही? टेबलावर ठेवून ये!

“टेबलावर चालत नाही, डॉक्टर. हातात पडायला हवा.” साहेबाला इथे डॉक्टरच म्हणतात.

मग दे ना हातात!

“रोज देतोय, डॉक्टर. बाई घेत नाहीत.”

का घेत नाहीत?

दोन एलिएसेरनी माझ्याकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, “आगिनाल्दो चालू आहेत, डॉक्टर.”

पलीकडून असे शब्द की दुवानने शेजारच्या लहान मुलीचे कान झाकले. शेवटचं वाक्य ऐकू आलं: उद्या बाराच्या आत कागद दिला नाहीस तर निवृत्तीचा समारंभ विसर.

तेव्हा मला कळलं की हे वर्षाअखेर निवृत्त होतायत. माझ्या पोरखेळापायी एका म्हाताऱ्या माणसाची अख्ख्या नोकरीच्या शेवटी शोभा होणार. जीव नकोसा झालाय.

२२ डिसेंबर, शुक्रवार

ठरवून गेले होते. आईला सांगितलं, आज घेणार. तिने माझी कॉलर नीट केली.

दोन एलिएसेर साडेअकराच्या सुमाराला आले. आज शेवटचा दिवस म्हणून पोरं सकाळपासूनच बसलेली. मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि सांगितलं की खेळात हरले म्हणा, नाचेन चौकात, पण मी कागद घेणार आहे. यांना माझ्यामुळे त्रास नको. युरानी म्हणाली, “प्रोफे, नका ना.” तिचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मला रडू फुटत होतं, तरी मी दोन्ही हात पुढे केले.

“द्या.”

दोन एलिएसेरनी रुआनाखाली हात घातला. या बाजूला चाचपलं, त्या बाजूला चाचपलं. पँटचे खिसे पाहिले. टोपी काढून टोपीतसुद्धा पाहिलं.

“अरेच्चा,” म्हणाले. “टेबलावरच राहिलं वाटतं. सुमेर्सेने हात असेच ठेवावेत, मी घेऊन येतो.”

आणि निघाले. आम्ही सगळे खिडकीशी. चौक ओलांडताना दिसले, चर्चपाशी थांबून फादरशी बोलले, मग बुटाची नाडी बांधली, मग दुसऱ्या बुटाचीही. नगरपालिकेच्या दाराशी पोहोचले तेव्हा चर्चची बाराची घंटा वाजत होती आणि शिपाई कुलूप लावत होता. दोघांचं काहीतरी बोलणं झालं. दोन एलिएसेरनी खिडकीकडे बघून दोन्ही हात पसरले. नाही, म्हणून.

नगरपालिका आता थेट नव्या वर्षात, नव्या बाईंच्या हाताखाली उघडणार. मी तिथेच जमिनीवर बसले. जीव भांड्यात पडला. पोरं नाचत होती, कुणी माझ्या डोक्यावर पुस्तक ठेवलं, आणि मी हसत होते की रडत होते मलाच माहीत नाही. देव तारी त्याला कोण मारी, म्हणतात ते हेच. एका विसरभोळ्या म्हाताऱ्यामुळे खोली वाचली!

पण त्या बिचाऱ्याचं काय? आई म्हणाली, “विसरभोळा?” आणि पुन्हा भाकऱ्या थापायला लागली.

२४ डिसेंबर, रविवार

सगळे वर जमले. मुलांनी प्रार्थना म्हटली, मोठ्याने, थोडी चुकत. दुवानचा आवाज फुटलेला आहे, तो मध्येच बाईचा व्हायचा, तरी कोणी हसलं नाही. बरं, युरानी हसली.

शेवटची प्रार्थना व्हायची होती तेव्हा दोन एलिएसेर आले, हातात गरम बुन्युएलोंचं, चीजच्या तळलेल्या गोळ्यांचं, ताट. समारंभ खरंच रद्द झालाय, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मला इतकं वाईट वाटत होतं की मी धावतच पुढे गेले, आणि म्हटलं, अहो, कशाला एवढं ओझं, इकडे द्या. ताट घेतलं.

युरानीने माझ्या हातांकडे बोट दाखवलं.

दोन एलिएसेर माझ्याकडे बघत होते. आणि मी पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं. समोरचे दोन दात नाहीत.

“माझे आगिनाल्दो,” ते हळूच म्हणाले.

पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. मी म्हटलं, हे बरोबर नाही, तुम्ही कुठे खेळात होतात? शिवाय ताट वाचनालयाचं नाही! तर ताटाखालून त्यांनी बुधवारी नेलेलं पुस्तक काढून दाखवलं. दोन्ही एकदमच माझ्या हातात आली होती.

तेव्हा युरानी बुन्युएलो चावत चावत म्हणाली, “ते तर पहिल्यापासून खेळात होते, प्रोफे. आमच्या बेकरीत खेळाच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, आले होते. विचारत होते, प्रोफे नक्की काय खेळतात. मी सांगितलं, देणं आहे, घेणं नाही. म्हणाले, मग उद्याच घेऊन जातो.”

मी ताट धरून उभी राहिले. डोळ्यांसमोरून सगळं गेलं: पेपरवेटवरचा पंजा, बाहेर आलेलं पाकीट, दुसऱ्या बुटाची नाडी. नोव्हेंबरात दोनदा म्हटलेलं ‘हातात’. त्या दिवशी याच वहीत मी काय लिहून ठेवलंय ते आठवलं आणि मान वर करवेना. आई कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघत होती. तिला कधीच कळलं होतं.

मी विचारलं, तुमचा समारंभ गेला त्याचं काय? त्यांनी ताटाकडे हात केला. हाच की, म्हणाले.

मग मी विचारलं, भेट काय हवी? ते बराच वेळ रुआनाची कड चाचपत राहिले.

“शनिवारी इथे यायचंय,” म्हणाले. “घरी कोणी बोलायला नाही. पण खोली दहा ते सोळा वयाची आहे. नियमात बसतं का, ते सुमेर्सेने बघून सांगावं.”

उद्या चौकात बैल होऊन नाचायचं आहे. मुखवट्याला शेणाचा वास येतोय. मी आनंदात आहे.

९ जानेवारी, मंगळवार

नव्या बाईंनी करार पाठवला, खोली मुलांची राहिली. आज पहिला दिवस. दार उघडायला गेले तर दोन एलिएसेर आधीच पायरीवर उभे, दोन्ही हात रुआनाखाली.

त्यांचं सभासद कार्ड मी सुट्टीतच बनवून ठेवलं होतं. वयाच्या जागी सोळा लिहिलंय. तिथल्या तिथे त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हात काही बाहेर येईनात.

“खेळ संपलाय ना?” त्यांनी विचारलं.

“संपलाय, दोन एलिएसेर,” मी म्हटलं. “घ्या.”

त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं.